काचेपलीकडचा शिक्षक: महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या कुलगुरूंना खुले पत्र

माननीय कुलगुरू महोदय आणि महोदया,



संसदेने 1984 साली कुटुंब न्यायालय कायदा केला, तेव्हा कौटुंबिक खटल्यात एक विलक्षण बदल घडवला. कलम 13 प्रमाणे पक्षकाराला वकील हक्काने उभा करता येत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. समुपदेशक मात्र कलम 6 ने न्यायालयाच्या रचनेतच बसवला. महाराष्ट्रात 1989 मध्ये पुण्यात आणि त्याच वर्षी मुंबईत कुटुंब न्यायालय सुरू झाले. तेव्हापासून घटस्फोट, पोटगी किंवा मुलाचा ताबा मागायला आलेले जोडपे न्यायाधीशांसमोर बाजू मांडण्याआधी बहुधा विवाह समुपदेशकाच्या खोलीत जाऊन बसते. न्यायाधीश कसा घडतो हे आपल्याला ठाऊक आहे: विधी महाविद्यालय, वकिली, स्पर्धा परीक्षा, न्यायिक अकादमी. त्या खोलीतला समुपदेशक कुठे घडतो, या प्रश्नाचे उत्तर मात्र विद्यापीठांकडून आजवर नीट मिळालेले नाही, आणि ते देणे हे विधिमंडळापेक्षा आपले काम आहे. म्हणून हे पत्र कोणत्याही मंत्र्याला न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

या कामाकडे येणाऱ्या वाटा सध्या तीन. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी ही सगळ्यांत जुनी. मुंबईत 1936 साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले, तेच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाले, आणि ‘कुटुंब व बालकल्याण’ हा विषय समाजकार्याच्या अभ्यासक्रमात चांगला रुजला. दुसरी वाट समुपदेशन मानसशास्त्राची. तिसरी गृहविज्ञानातल्या मानवविकास विभागाची, जिथे बालकाच्या वाढीचा अभ्यास सर्वांत बारकाईने होतो. तिन्ही विभागांत चांगली माणसे आहेत. पण समाजकार्याच्या विद्यार्थ्याला कायदा, योजना, वस्ती कळते आणि मनोव्यापारांची ओळख अर्धवट राहते. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला चाचण्या आणि सिद्धांत येतात, पण त्याची सारी तयारी समोर एकच माणूस बसलेला आहे असे धरून झालेली असते. मानवविकासाच्या विद्यार्थिनीला मूल समजते, त्या मुलावरून न्यायालयात भांडणारे आईबाप अभ्यासक्रमात भेटतच नाहीत. पती-पत्नी, घर आणि मूल या तिघांना एकत्र समोर ठेवणारी, प्रत्यक्ष सरावावर उभी असलेली पदव्युत्तर पदवी ही आपल्याकडे रुळलेली वाट झाली नाही. ती व्हावी, आणि तिचा कणा परीक्षा नसून देखरेखीखाली केलेले काम असावे, एवढेच मला मांडायचे आहे.

या कामाला वेगळे शिक्षण का लागते? एका व्यक्तीचे समुपदेशन करताना सल्लार्थी कोण, हा प्रश्नच उद्भवत नाही. जोडपे आले की पहिल्या मिनिटाला तोच प्रश्न उभा राहतो. नवरा? बायको? की त्या दोघांमधले नाते? बायकोला नाते टिकवायचे आहे, नवरा मनाने केव्हाच बाहेर पडला आहे, आणि सासूने दाराबाहेर खुर्ची टाकली आहे, अशा वेळी समुपदेशक कोणाच्या बाजूने बसतो? संयुक्त बैठकीनंतर नवऱ्याने फोन करून ‘हे तिला सांगू नका’ म्हणून काही सांगितले, तर ते गुपित ठेवायचे की नाही? बारा वर्षांची मुलगी ‘मला आईकडेच राहायचे आहे’ असे अगदी आईच्याच शब्दांत सांगते, तेव्हा ते तिचे मत मानायचे की पढवलेले वाक्य? आणि बोलता बोलता त्या मुलीने घरातल्याच कोणाकडून झालेला लैंगिक त्रास सांगितला, तर 2012 च्या पोक्सो कायद्याचे कलम 19 लागू होते. मग गोपनीयतेचे आश्वासन बाजूला ठेवून कळवणे बंधनकारक होते, आणि न कळवणे हा गुन्हा ठरतो. हे कलम पाठ करायला एक संध्याकाळ पुरे. पण मुलीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट आपण पोलिसांना कळवणार आहोत हे तिला कोणत्या शब्दांत, कोणत्या क्षणी सांगायचे, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकातून येत नाही.

हिंसेचा मुद्दा तर मी सर्वांच्या वर ठेवीन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 18 ते 49 वयोगटातील विवाहित किंवा पूर्वी विवाहित असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे 29 टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. समुपदेशकाकडे येणारी जोडपी ही सुखी संसारातून निवडलेली नसतात. तिथे हे प्रमाण याहून कमी असेल असे मानायला काहीही आधार नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 चा, त्याचे नियम 2006 चे. त्यातल्या नियम 14 मध्ये समुपदेशकासाठी एक फार शहाणी अट आहे: हिंसा का केली याचे समर्थन प्रतिवादीला समुपदेशनात मांडू द्यायचे नाही, आणि हे त्याला काम सुरू होण्याआधीच सांगायचे. मानसशास्त्राच्या वर्गात मात्र आपण नेमके उलटे शिकवतो. समोरच्याचे म्हणणे पूर्ण ऐका, न्यायाधीश होऊ नका, प्रत्येक वर्तनामागची भावना शोधा. हे शिक्षण चुकीचे नाही, पण मारहाण करणाऱ्या नवऱ्यासमोर ते जसेच्या तसे वापरले तर ‘तीही उलट बोलते ना’ या वाक्याला समुपदेशकच मान डोलावतो, आणि शेजारी बसलेली बाई पुढच्या वेळी तोंड उघडत नाही. फ्लेविया अॅग्नेस यांच्यासारख्या स्त्रीवादी वकिलांनी कुटुंब टिकवण्याच्या आग्रहापायी स्त्रीचे हक्क कसे मागे पडतात यावर वर्षानुवर्षे बोट ठेवले आहे. त्या टीकेला समुपदेशकांच्या हेतूवरचा आरोप समजू नये. तो त्यांच्या तयारीवरचा शेरा आहे, आणि तयारी ही आपल्या अखत्यारीतली बाब आहे.

आता देखरेखीविषयी. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने 1963 साली विवाह समुपदेशकांना परवाना देण्याचा कायदा केला; असे करणारे ते तिथले पहिले राज्य. पुढे ‘विवाह, कुटुंब आणि बाल समुपदेशक’ हेच परवान्याचे नाव होते, 1999 मध्ये ते बदलून ‘विवाह आणि कुटुंब थेरपिस्ट’ झाले. तिथे आज पदव्युत्तर पदवीला 60 सत्र-श्रेयांक लागतात, पदवीच्या काळातच किमान 225 तासांचे सराव-काम करावे लागते, त्यातले बहुतेक सल्लार्थींसमोर बसून. परवान्यासाठी एकूण किमान 104 आठवड्यांत पसरलेला 3,000 तासांचा देखरेखीखालचा अनुभव, आणि त्यातले किमान 500 तास जोडपी, कुटुंबे किंवा मुले यांच्याबरोबरचे. आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमात ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण, आले ही स्वागताची गोष्ट. पण ते चार श्रेयांकांचे, म्हणजे सुमारे 120 तासांचे. त्यातही समुपदेशनाचा विद्यार्थी बहुतेक वेळ नोंदवह्या भरतो, फोन घेतो, अहवाल टाइप करतो, आणि शेवटी संस्थेचा शिक्का मारलेले प्रमाणपत्र घेऊन परत येतो. त्याने एखाद्या जोडप्याशी केलेले बोलणे कोणा अनुभवी माणसाने ऐकले, थांबवले, दुरुस्त केले, असे क्वचितच घडते. कॅलिफोर्नियाचे आकडे इथे उचलून आणा असे मी म्हणत नाही. तिथली विम्याची व्यवस्था, तिथली फी, तिथला खाजगी व्यवसाय यांतले काहीच आपल्याकडे नाही. मला त्यातून घ्यायची आहे ती फक्त त्यामागची समजूत: या व्यवसायात तास मोजायचे ते वर्गातल्या बाकावरचे नव्हेत, कोणीतरी पाहत असताना केलेल्या कामाचे.

कुटुंबोपचाराच्या इतिहासातही ही समजूत ठळक आहे. साल्व्हादोर मिनुचिन यांनी 1960 च्या दशकात फिलाडेल्फियाच्या चाइल्ड गायडन्स क्लिनिकची सूत्रे घेतली. तिथे शिकाऊ उपचारक कुटुंबाबरोबर खोलीत बसायचा आणि एकतर्फी काचेपलीकडे शिक्षक. गाडी रुळावरून घसरते आहे असे वाटले की शिक्षक फोन करायचा: मुलाला आईच्या शेजारून उठवा, वडिलांना बोलू द्या, आजीला विचारा. कुटुंबाला काचेची कल्पना असे. याच ठिकाणी आसपासच्या गरीब वस्तीतल्या, मोठ्या पदव्या नसलेल्या स्त्री-पुरुषांनाही कुटुंबोपचार शिकवला गेला. पदवीपेक्षा काच महत्त्वाची होती, असे म्हटले तरी चालेल.

इथेच माझ्या प्रस्तावावरचा सर्वांत गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि त्याचा पुरावा आपल्या शेजारीच, गोव्यात आहे. संगथ ही संस्था तिथे 1996 पासून काम करते. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी मानसोपचाराची कोणतीही पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशक म्हणून तयार केले. त्यांनी दिलेल्या मोजक्या सत्रांनी नैराश्य आणि हानिकारक मद्यपान या दोन्हींत प्रत्यक्ष फरक पडला, हे 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांतून दिसले. मग पदव्युत्तर पदवीचा हा घाट कशाला? महाराष्ट्रात पंचायत समित्यांच्या पातळीवरची समुपदेशन केंद्रे, पोलिस ठाण्यांतले महिला कक्ष, स्वयंसेवी संस्था यांत पदवीविना उत्तम काम करणाऱ्या कितीतरी कार्यकर्त्या आहेत. पदवीची अट आली की त्या बाहेर फेकल्या जातील, आणि गडचिरोलीत किंवा नंदुरबारमध्ये पदवीधर काही जाणार नाहीत. उरेल काय, तर पुण्या-मुंबईतले महागडे दवाखाने. हा आक्षेप मला पूर्ण मान्य होण्याच्या अगदी जवळ जातो. पण गोव्यातले प्रयोग नीट वाचले तर यश नुसत्या सामान्य माणसाचे नाही असे दिसते. काम नेमके ठरवलेले होते, पायऱ्या लिहिलेल्या होत्या, प्रशिक्षणानंतर उमेदवारीचा काळ होता, आणि समुपदेशक आपल्या सत्रांची ध्वनिमुद्रणे गटात एकत्र ऐकून एकमेकांना गुण देत. देखरेख हा त्या पद्धतीचा आत्मा होता. त्या देखरेखीला सुरुवातीला तज्ज्ञ लागले, आणि तज्ज्ञ कुठेतरी घडावे लागतात. शिवाय नैराश्य हे एका माणसाचे, ओळखता येणारे दुखणे आहे. त्यासाठी सहा-आठ सत्रांची पुस्तिका लिहिता येते. हुंड्याच्या मागणीतून सुरू झालेले, मध्ये मूल, वर कर्ज आणि पाठीशी दोन्हीकडचे काका-मामा असलेले भांडण पुस्तिकेत मावत नाही. तेव्हा मी मागतो ती पदवी तालुक्यातल्या प्रत्येक कार्यकर्तीसाठी नाही. तिच्यामागे आठवड्याला दोन तास बसणारे, तिची केस ऐकणारे माणूस जिल्ह्यात असावे, त्यासाठी ती आहे. पदवीधर नंदुरबारला कायमचे राहायला गेले नाहीत तरी देखरेख फोनवरून, ध्वनिमुद्रणावरून होऊ शकते. गोव्याच्या अनुभवातला हा भाग आपण उचलायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप घरगुती आहे आणि तो कार्यक्रमांत फार टाळ्या घेतो: आपल्याकडे आजोबा, मामा, गावातली चार माणसे भांडणे मिटवत होती, हे समुपदेशनाचे खूळ कशाला? चार माणसांनी कितीतरी संसार सावरले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या बैठकीचा निकाल बहुधा आधीच ठरलेला असे. मुलीने नांदायला जायचे, फक्त कधी आणि कोणी पोहोचवायचे एवढेच उरे. चार माणसांची पुढची पायरी म्हणजे जातपंचायत. तिच्या दंडांना आणि वाळीत टाकण्याला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला 2016 मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला, हे विसरून चालणार नाही. आणि शहरात आता मामा दुसऱ्या देशात असतो, आजोबा गावी. चार माणसांची ती जागा आज व्हॉट्सअॅप गट, ज्योतिषी आणि तासाला पैसे घेणारे ‘रिलेशनशिप कोच’ यांनी भरली आहे. त्यांच्यापैकी कोणालाही कसलीच पात्रता दाखवावी लागत नाही. तुलना करायचीच तर ती या गर्दीशी करावी.

तिसरा आक्षेप असा की हे सगळे शास्त्र पाश्चात्त्य आहे. विभक्त कुटुंब, ‘मी’ला मध्यभागी ठेवणारा माणूस, हे तिथले. या आक्षेपात अर्धे सत्य आहे आणि ते अभ्यासक्रमात उतरले पाहिजे. पण उपचारात कुटुंबाला सामील करून घेण्याची कल्पना आपल्याला आयात करावी लागलेली नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी 1950 च्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले आणि उपचारात ओढले. पुढे बंगळूरच्या निम्हान्समध्ये कौटुंबिक मानसोपचाराचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले. पुण्यात विद्या बाळ आणि नारी समता मंचाने स्त्रियांना मन मोकळे करायला जागा दिली, आणि पुढे पुरुषांशी बोलण्यासाठीही. टाटा संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांबरोबर स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिस ठाण्याच्या आवारात समाजकार्यकर्ता बसवण्याची ती कल्पना इथलीच. मराठी भाषेतल्या केसेसचे दस्तऐवज गोळा करून, नावे-गावे बदलून, शिकवण्यासाठी तयार करणे हे कोणा परदेशी विद्यापीठाचे काम नाही. ऊसतोडीला सहा महिने घर बंद ठेवणाऱ्या जोडप्यांचे प्रश्न, आंतरजातीय विवाहानंतर दोन्ही घरांनी तोडलेले संबंध, आखातात नोकरी करणाऱ्या नवऱ्याची कोकणातली बायको, हे सारे तिथल्या पुस्तकांत येणार तरी कसे?

पात्रतेच्या कायदेशीर गुंत्यावर थोडक्यात. भारतीय पुनर्वास परिषदेच्या 1992 च्या कायद्याखाली चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी होते. विवाह समुपदेशक त्या चौकटीबाहेर राहिले. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा 2021 मध्ये झाला, त्याच्या अनुसूचीत वर्तन-आरोग्याच्या गटात स्तनपान सल्लागार आहेत, मधुमेह शिक्षक आहेत, कुटुंबनियोजन समुपदेशक आहेत. विवाह समुपदेशकाचे नाव नाही. म्हणजे मूल होऊ न देण्याबद्दल सल्ला देणाऱ्याची दखल घेतली गेली आणि झालेले मूल कोणाकडे राहावे यावर बोलणारा वगळला गेला. त्याच कायद्याच्या आधारे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 मध्ये मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद करायला सांगितले. हा निर्णय अनेकांना जाचक वाटला, पण पत्रव्यवहाराने समुपदेशक बनत नाही हे त्याने मान्य केले. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा प्रकरणात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा असे निर्देश दिले. मागणी येणार आहे. ती आली की घाईघाईने सहा महिन्यांच्या पदविका निघतील, आणि त्या काढण्यात आपलीच संलग्न महाविद्यालये आघाडीवर असतील. तसे झाले तर पुढची वीस वर्षे ते दुरुस्त करता येणार नाही.

नियमांमध्ये एक विसंगती आहे, ती आपल्या अभ्यासमंडळांनी पाहावी. कुटुंब न्यायालयातील समुपदेशकाच्या पदासाठी समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीबरोबर कौटुंबिक समुपदेशनाचा अनुभव मागितला जातो. अनुभव मागणे योग्यच. पण तो अनुभव शिकाऊ म्हणून, कोणाच्या नजरेखाली घेण्याची जागा आपण कुठे ठेवली आहे? उमेदवार तो एकट्याने, चुकत, बहुधा गरीब सल्लार्थींवर घेतो. ज्यांना पैसे देऊन दुसऱ्याकडे जाणे शक्य नाही, त्यांच्यावर शिकायचे आणि शिकून झाले की न्यायालयात किंवा खाजगी व्यवसायात जायचे, ही व्यवस्था आपण बिनबोभाट चालू दिली आहे.

हे बदलायला नवी इमारत लागत नाही. पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन वर्षांचा ठेवावा; समाजकार्य, मानसशास्त्र, मानवविकास आणि विधी या विभागांनी तो मिळून चालवावा, आणि कोणत्या विभागाच्या मालकीचा यावर विद्यापरिषदेत वर्ष घालवू नये. दुसरे वर्ष जवळजवळ पूर्ण प्रत्यक्ष कामाचे असावे: कुटुंब न्यायालय, पोलिसांचा विशेष कक्ष, जिल्हा रुग्णालय, बालगृह. विद्यार्थ्याने जोडपी, कुटुंबे आणि मुले यांच्यासमोर काढलेल्या तासांची नोंद वेगवेगळी व्हावी, नाहीतर सगळे तास सोप्या केसेसवर भरले जातील. कुटुंब न्यायालयाच्या नियमांनुसार समुपदेशकासमोरचे बोलणे गोपनीय असते, त्यामुळे तिथे ध्वनिमुद्रण करणे कठीण. उच्च न्यायालयाशी बोलून निदान सहसमुपदेशक म्हणून शेजारी बसण्याची परवानगी घ्यावी. इतरत्र सल्लार्थींच्या लेखी संमतीने ध्वनिमुद्रण शक्य आहे. शिक्षक कुठून आणायचे हा प्रश्न आपण विचाराल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ योजनेत पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या व्यावसायिकाला औपचारिक शैक्षणिक पात्रतेच्या अटीशिवाय नेमता येते, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत. पुणे आणि मुंबईच्या कुटुंब न्यायालयांतून निवृत्त झालेल्या विवाह समुपदेशकांना हे पद आपण देऊ शकता. अनेक विद्यापीठांनी या योजनेत उद्योगपती आणि बँकर बोलावले. निवृत्त समुपदेशकाला बोलावायला कोणताही नियम आड येत नाही. पुढच्या शैक्षणिक वर्षाच्या आराखड्यावर अभ्यासमंडळे बसतील तेव्हा हा एक विषय कार्यक्रमपत्रिकेवर असावा, एवढी विनंती.

कळावे.